युरो-डॉलर-रुपया आर्बिट्राज: बिड-आस्क कुठे, कोणता धरायचा?

टॉवेल_अक्कलकोटरोड
एकाच वेळचे भाव (बिड/आस्क, म्हणजे समोरची बँक ज्याला घेते तो/ज्याला विकते तो):
डॉलर-रुपया ८५.४०/८५.४४
युरो-डॉलर १.०८००/१.०८०३
युरो-रुपया ९२.२५/९२.३३
मधले भाव धरले तर ८५.४२ × १.०८०१५ = ९२.२६६४, आणि थेट युरो ९२.२९. म्हणजे डॉलरमार्गे युरो घेऊन थेट विकला की लाख युरोला २,३५९ रुपये सुटतात; हेच आर्बिट्राज, भावांतल्या फरकातून बिनजोखमीचा नफा. इतकं सोपं असतं तर सगळ्यांनीच केलं असतं की! काय राहतंय?

चाटीगल्ली
मधल्या भावाला कुणी घेत नाही आणि देतही नाही. जोडीत आधी लिहिलेलं चलन तुम्ही घेताय की विकताय, एवढंच प्रत्येक पायरीला बघा. घेताय तर आस्क, विकताय तर बिड.

डॉलर घेतला ८५.४४ ला, त्यातून युरो घेतला १.०८०३ ला. युरो पडला ९२.३००८ ला. विकताना मिळणार बिड, म्हणजे ९२.२५. लाख युरोला ५,०८३ तोटा. उलटं फिरा: युरो ९२.३३ ला घ्या, १.०८०० ने डॉलर करा, ते ८५.४० ला मोडा. हातात ९२.२३२, म्हणजे ९,८०० गेले.

थेट बिड ९२.३००८ च्या वर गेला किंवा थेट आस्क ९२.२३२ च्या खाली आला, तरच संधी. दोन्ही पट्टे एकमेकांवर चढलेले असतील तर एक्सेल बंद करा.

फॉरेक्स_हिशेब
बरोबर. समजा थेट भाव ९२.३४/९२.४२ झाला. १ कोटी रुपये ÷ ८५.४४ = १,१७,०४१.२० डॉलर, ÷ १.०८०३ = १,०८,३४१.३९ युरो; × ९२.३४ = १,००,०४,२४३ रुपये. कागदावर ४,२४३ नफा. आता जीएसटी. चलन बदलण्याच्या सेवेचं करपात्र मूल्य स्लॅबने धरलं तर १० लाखांच्या वर ५,५०० अधिक उरलेल्या रकमेच्या ०.१%, १ कोटीला १४,५००, त्यावर १८% म्हणजे २,६१०. रुपयाच्या दोन पायऱ्यांनाच ५,२२० झाले, युरो-डॉलरची पायरी वेगळीच. क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळालं तरी पैसे आधी जातात.

खोटा नफा दिसायची नेहमीची कारणं: भाव उलटा करताना बिड-आस्कची अदलाबदल न करणं (रुपया-डॉलरचा बिड = १ ÷ ८५.४४, १ ÷ ८५.४० नव्हे), येनचा भाव १०० येनला असतो हे विसरणं, आणि सगळ्यात फसवी म्हणजे व्हॅल्यू डेट, म्हणजे चलन प्रत्यक्ष हातात यायची तारीख. डॉलर-रुपया आजच्या कॅशचा आणि युरो-डॉलर दोन कामकाजी दिवसांनंतरच्या स्पॉटचा घेतलात, तर मधला फरक प्रीमियमचा (पुढच्या तारखेच्या जादा भावाचा) असतो, आर्बिट्राजचा नव्हे.

टॉवेल_अक्कलकोटरोड
आणि एक्स्चेंजवर फ्यूचर्समध्ये, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यांत?

फॉरेक्स_हिशेब
लॉट (सौद्याचं ठरलेलं एकक) आधी लिहिलेल्या चलनाच्या १,००० चा. १०० लॉट युरो-रुपया विकले तर समोर १०० लॉट युरो-डॉलर आणि १०८ लॉट डॉलर-रुपया घ्यावे लागतात. एका पायरीचा सौदा झाला आणि दुसरी अडकली की उघडी पोझिशन, म्हणजे भाव फिरण्याची जोखीम राहते. शिवाय मे २०२४ पासून रुपयाच्या जोड्यांत मागे खरं एक्स्पोजर (परकीय चलनाचं प्रत्यक्ष येणं-देणं) हवं. निव्वळ आर्बिट्राजसाठी दार बंदच समजा.

चाटीगल्ली
निर्यातदाराने हाच क्रॉस (डॉलरमार्गे काढलेला युरो-रुपया भाव) बँकेचा भाव तपासायला वापरावा. युरो येणार असेल तर तुम्ही विकणारे, म्हणून दोन्ही बिड: १.०८०० × ८५.४० = ९२.२३२. बँकेने ९२.१० दिला तर १३.२ पैसे मार्जिन, लाख युरोला १३,२००. फोनवर नुसतं "रेट वाढवा हो" म्हणू नका. त्या मिनिटाचे दोन्ही बिड सांगा, कॅश की स्पॉट ते विचारा, आणि मार्जिन पैशांत मागा. सकाळच्या कार्ड रेटवर (बँकेने दिवसासाठी छापलेल्या भावावर) मोठं बिल कधीच सोडू नका.