मदत हवी आहे : खाज आणि पातळ शी, दोन्हींचं मूळ एकच का?

लॅब्रेडॉर, वय ३, राहणार दादर. वर्षभर पंजे चाटतोय. बोटांमधले केस लाळेने विटकरी झालेत, कानांना आंबूस वास. दिवसातून ४-५ वेळा शी, शेवटची शेंबडासारखी. शीच्या तपासणीत जंत, जिआर्डिया (आतड्यातला सूक्ष्म परजीवी) नाहीत. सेफॅलेक्सिन या अँटिबायोटिकने खाज कमी होते, पण शी आणखी पातळ. पोट बिघडलं की दहीभात किंवा चिकनचं पाणी आणि भात देतो. ॲलर्जीसाठी रक्त तपासावं का?

प्रतिसाद १ :
रक्ततपासणीवर पैसे घालवू नका. अन्नाच्या ॲलर्जीसाठी ती भरवशाची नाही, निरोगी कुत्र्यांतही पॉझिटिव्ह येते. खरी तपासणी म्हणजे पथ्य. पोटाला हलकं म्हणून जे देताय, त्यातच संशयित बसलेत! कुत्र्यांना जास्त करून बाधतं ते गोमांस, दूधदुभतं, चिकन आणि गहू. एखाद्या प्रथिनावर प्रतिकारशक्ती उलटली की आतडं आणि कातडी दोन्ही सुजू शकतात.

डॉक्टरांकडून हायड्रोलाइज्ड खाणं घ्या. त्यात प्रथिनांचे तुकडे इतके बारीक केलेले असतात की शरीर सहसा ओळखत नाही. ५-७ दिवसांत हळूहळू बदला आणि जुनं पूर्ण बंद झाल्यापासून ८ आठवडे मोजा. शी बहुधा २ आठवड्यांत बांधून येते, कातडीला वेळ लागतो, आणि नेमकं चौथ्या आठवड्यात लोक सोडून देतात. वॉचमनचं बिस्कीट, गोळी लपवायला पनीर, गोचिडांची मांसाच्या चवीची गोळी, यातल्या एकानेही पथ्य मोडतं. गोचिडांचं औषध मात्र थांबवू नका, मानेवर टाकायचे थेंब मागा.

प्रतिसाद २ :
आधी कान आणि पंजे स्लाइडवर तपासून घ्या. तो आंबूस वास बहुधा यीस्टचा, म्हणजे एका बुरशीचा. दमट हवेत ते फोफावतं आणि पथ्य बरोबर असूनही खाज राहते. क्लोरहेक्सिडीन-मायकोनॅझोल शॅम्पू आठवड्यातून दोनदा, फेस १० मिनिटं ठेवून. मग बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा. रक्त काढायचंच तर बी१२ आणि अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) बघा, आतड्याचं काम बिघडलंय का ते कळेल.

प्रश्नकर्ता : मासे त्याने कधीच खाल्ले नाहीत. सुके बोंबील चालतील?

प्रतिसाद १ :
सुके नकोत, मीठ फार. ताजा मासा काटे काढून नुसता उकडा, सोबत रताळं. बांगडा टाळा, बर्फात नीट नसला तर हिस्टामीन (खाज-सूज आणणारं द्रव्य) वाढतं, ते उकडूनही जात नाही. पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याला ८ आठवडे एवढं चालतं, पुढे कॅल्शियम कमी पडेल.

बरं वाटलं तरी शेवटची पायरी गाळू नका : जुनं खाणं परत सुरू करा. १४ दिवसांत खाज उलटली तर निदान पक्कं. मग पुन्हा पथ्य, आणि एकेक पदार्थ स्वतंत्र तपासायचा, आधी फक्त दही. शी डांबरासारखी काळी झाली किंवा वजन उतरू लागलं तर पथ्याची वाट न बघता त्याच दिवशी परळचं जनावरांचं बैलघोडा हॉस्पिटल गाठा.