नळीचा खर्च पहिल्या बिलावर थांबत नाही
पित्ताशयाला संसर्ग झालाय पण सध्या शस्त्रक्रिया झेपणार नाही, अशा रुग्णाचं तुंबलेलं पित्त काढायला कातडीतून पित्ताशयात नळी घालणं हे दुर्बिणीतून आत धातूचा स्टेंट (पोकळ जाळी) बसवण्यापेक्षा स्वस्त, असं म्हणतात. ते पहिल्या बिलापुरतं खरं. शस्त्रक्रिया कधीच झेपणार नसेल तर पुढचंही धरा: रोज ५-१० मिली सलाइनने नळी धुणं, पिशव्या, ड्रेसिंग, ती तुंबली किंवा झोपेत ओढली गेली की पुन्हा सोनोग्राफी आणि नवी पिगटेल (टोकाला वेटोळं असलेली नळी). शिवाय म्हाताऱ्या माणसाला गोव्यात काणकोणहून बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात गाडी करून आणायचं, ते कुठल्याच बिलात दिसत नाही. अशा रुग्णांत या दोन उपायांची तुलना करणाऱ्या २०२० च्या ड्रॅक-१ चाचणीत ३० दिवसांनंतर पुन्हा प्रक्रिया करावी लागली ती नळीच्या ४० पैकी १२ जणांना, स्टेंटच्या ३९ पैकी एकालाच.

मात्र रुग्ण काही आठवड्यांत शस्त्रक्रियेला तयार होईलसं वाटत असेल तर नळीच बरी. स्टेंटमुळे पित्ताशय जठराला किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला जोडलं जातं, मग ते काढणं अवघड होतं.