मदत हवी आहे : वाचनालयाच्या फळ्यावर शासनाच्या बातम्या लिहायच्या आहेत, खात्री कशी करायची?

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेतलं सार्वजनिक वाचनालय आहे, शासनमान्य, अनुदानित. त्याच्या कार्यकारिणीत मी आहे. सकाळी पेपर वाचायला ज्येष्ठ मंडळी, दुपारी एमपीएससीची पोरं, संध्याकाळी पुस्तक बदलायला येणाऱ्या बायका, असा आमचा रोजचा राबता. पण हल्ली पुस्तकाशी काही संबंध नसलेली माणसंही पायरी चढून आत येतात आणि मोबाईल पुढं करतात. "ताई, हे खरं हाय काय बघा की." कधी लाडकी बहीणची केवायसी असते, कधी रेशनकार्ड, कधी निराधार पेन्शन. पावसाळ्यात पूरग्रस्तांची मदत.

मागच्या महिन्यात एक आजी आल्या होत्या. मोबाईलवर एक रंगीत चित्र. वर मोठ्या अक्षरात "शासनाचा ऐतिहासिक निर्णय", खाली "उद्या शेवटची तारीख". कुठल्या विभागाचा निर्णय ते नाही, क्रमांक नाही, तारीख नाही. "उद्या" म्हणजे कुठला उद्या? त्या चार घरची धुणीभांडी करतात. त्या दिवसाचं काम बुडवून, एका दुकानात फॉर्म भरायचे पैसे देऊन मग आमच्याकडे खात्री करायला आल्या होत्या. अशी योजनाच नव्हती. मला फार वाईट वाटलं, आणि तेव्हापासून डोक्यात आहे की वाचनालय हे काम करू शकतं.

चौकातला फळा कोल्हापूरला नवा नाही. तालमीच्या, मंडळाच्या फळ्यावर आपण वाढदिवसापासून श्रद्धांजलीपर्यंत सगळं वाचत आलोय. आमच्या दाराशेजारी एक फळा रिकामा आहे. त्याच्या अर्ध्या भागात वाचनालयाच्या बातम्या (नवी पुस्तकं, वेळा, ग्रंथोत्सव) आणि अर्ध्या भागात राज्य शासनाच्या, आपल्या भागातल्या माणसाला उपयोगी पडतील अशा बातम्या लिहाव्यात असा विचार आहे. १८५० पासून करवीर नगर वाचन मंदिर चालवणारं हे शहर आहे. १९४५ साली कोल्हापूर संस्थानानं ग्रंथालयांचा कायदा केला, तेव्हा देशात दुसरीकडे कुठे तसा कायदा नव्हता. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. अशा गावातल्या वाचनालयाच्या फळ्यावर चुकीचं अक्षर लिहिलं जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच विचारते आहे.

अडचण अशी की बातमी आणि अंमलबजावणी यात फार अंतर असतं. पेपरात सकाळी येतं "मंत्रिमंडळाची मंजुरी", आणि दुपारी लोक कागद घेऊन दारात. आमचंच उदाहरण घ्या. २०२२ मध्ये ग्रंथालयांच्या अनुदानात ६० टक्के वाढीचा निर्णय झाला. बातमी वाचून सभासदांनी लगेच विचारलं, मग कपाटात नवी पुस्तकं का दिसत नाहीत? अनुदान हप्त्यानं येतं, त्यातून आधी सेवकांचं वेतन द्यायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. बातमी खोटी नव्हती, अर्धी होती. अर्ध्या बातमीचं काय करायचं, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

तर जाणकारांनी सांगावं : शासन निर्णय खरा की बनावट हे आमच्यासारख्यांनी कसं ओळखायचं? फळ्यावर बातमी कुठल्या टप्प्यावर लिहायची? आणि निवडणुकीच्या आचारसंहितेत अनुदानित संस्थेनं हे चालू ठेवावं का?

निवृत्त कारकून : ताई, उपक्रम चांगला आहे. आयुष्य शासन निर्णय वाचण्यात गेलं, म्हणून सविस्तर लिहितो.

खऱ्या जीआरला, म्हणजे शासन निर्णयाला, ठरलेला साचा असतो. वर विषय, मग विभागाचं नाव, शासन निर्णय क्रमांक, दिनांक. त्यानंतर "वाचा" म्हणून आधीच्या निर्णयांची यादी, मग प्रस्तावना, मग प्रत्यक्ष निर्णय. शेवटी "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने" असं लिहून खाली अधिकाऱ्याची सही, हल्ली डिजिटल. सहीच्या वरच्या परिच्छेदात एक लांबलचक संकेतांक असतो. तोच तुमचा तपासनीस. त्याचे सुरुवातीचे आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. शासनाच्या संकेतस्थळावर "शासन निर्णय" या पानावर तो संकेतांक टाका. निर्णय खरा असेल तर तिथं सापडतो, फुकट उतरवून घेता येतो. मोबाईलवर आलेल्या कागदावर संकेतांकच नसेल किंवा टाकून काही निघत नसेल, तर तो फळ्यावर घेऊ नका. फोटोशॉप करून क्रमांक चिकटवणारेही असतात, म्हणून उतरवलेली प्रत आणि आलेली प्रत शेजारी ठेवून वाचा.

दुसरं, "वाचा" ही यादी सोडून पुढं जाऊ नका. जुना निर्णय "अधिक्रमित" झाला असेल, म्हणजे त्याच्या जागी नवा आला असेल, तर ते तिथं किंवा प्रस्तावनेत कळतं. शुद्धिपत्रकही शोधा, तारखा बहुतेक वेळा त्यातच बदलतात. आणि खऱ्या अटी शेवटी जोडलेल्या परिशिष्टात असतात. लोक पहिलं पान पुढं पाठवतात, परिशिष्ट कुणी पाठवत नाही.

मंत्रिमंडळाच्या निर्णयाबद्दल तुमची शंका रास्त आहे. मंजुरी मिळाली म्हणजे अर्ज सुरू झाले असं नाही. विभागाचा शासन निर्णय निघाल्याशिवाय खालचं कार्यालय हलत नाही, आणि त्यात त्या कार्यालयाचा दोष नसतो.

शिरोळकर : ताई, आमच्याकडं २०१९ आणि २०२१ च्या पुरात सगळ्यात जास्त त्रास अफवांनी दिला. "राधानगरी धरणाचे सातही दरवाजे उघडले" असा मेसेज आला की अख्खी गल्ली सामान काढायला लागायची, आणि बघावं तर मेसेज आदल्या वर्षीचा. पावसाळ्यात फळ्याचा एक कोपरा पाण्यासाठी राखून ठेवा. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी, किती वाजताची ते, आणि शेजारी इशारा ३९ फूट, धोका ४३ फूट हे कायमचं रंगवूनच टाका. आकडा फक्त जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाचा घ्यायचा, दुसऱ्या कुणाचा नाही. वेळ न लिहिलेला आकडा काही कामाचा नसतो, पाणी तासाला बदलतं.

ग्रंथपाल, गडहिंग्लज : आम्ही असा फळा चालवतो. नियम एकच केलाय : नेत्याचं नाव नाही, फोटो नाही, अभिनंदन नाही. फक्त विभाग, काय, कुणासाठी, कागद कोणते, कुठं जायचं. आचारसंहिता लागली की नव्या घोषणा लिहीत नाही. आधीपासून चालू असलेल्या सेवांची माहिती तेवढी ठेवतो, आणि शंका आली तर तहसील कार्यालयात विचारून घेतो.

योजनांपेक्षाही लोकांना जास्त उपयोग झाला तो लोकसेवा हक्क कायद्याच्या माहितीचा. २०१५ चा कायदा आहे. कुठला दाखला किती दिवसांत द्यायचा, कोणता अधिकारी देणार, नाही दिला तर अपील कुणाकडं, हे प्रत्येक कार्यालयानं लावायचं असतं. आम्ही तहसीलमध्ये जाऊन ते उतरवून आणलं आणि वाचनालयात लावलं. माणूस अर्ज करताना पोच मागायला शिकला, हा मोठा फरक. जिल्हाधिकारी कार्यालयातला लोकशाही दिन, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकण्याचा दिवस, महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, तेही लिहा. पुष्कळांना ते माहीत नसतं.

आणि वाचनालयाची स्वतःची बाजूही उघडी ठेवा. अनुदान किती आलं, वेतनावर किती गेलं, पुस्तकांवर किती, हे वर्षातून एकदा त्याच फळ्यावर लिहा. ग्रंथालयांना मदत करणाऱ्या केंद्राच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनेतून कपाटं किंवा पुस्तकं आली तर तसं लिहा. दुसऱ्याचा हिशेब सांगताना आपलाही दिसायला हवा.

मूळ धागाकर्ती : सगळ्यांचे मनापासून आभार. कारकून काकांचा प्रतिसाद छापून कार्यकारिणीच्या बैठकीत वाचून दाखवणार आहे. संकेतांकात तारीख असते हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं.

आता असं ठरवतेय : प्रत्येक नोंदीपुढं टप्पा लिहायचा. "मंत्रिमंडळाची मंजुरी, शासन निर्णय अजून नाही", "शासन निर्णय निघाला, अर्ज सुरू नाहीत", "अर्ज सुरू". तिसरा टप्पा येईपर्यंत "कुणालाही पैसे देऊ नका" हे खाली ठळक लिहायचं. नोंद कुणी तपासली त्याची सही वहीत, आणि जीआरची छापील प्रत टेबलावर, कुणालाही वाचता येईल अशी. एमपीएससीच्या मुलांना विचारलं, दोघं-तिघं आनंदानं तयार झाली. त्यांचा अभ्यासही त्यातच होतो म्हणाली.

एक प्रश्न राहतोच. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आठवड्यातून एकदा फळा मोठ्यानं वाचून दाखवायचा असेल तर दिवस आणि वेळ कोणती ठेवावी? कामावरच्या बायका संध्याकाळी सातनंतरच मोकळ्या होतात आणि आमचं वाचनालय साडेसातला बंद होतं. वेळ वाढवायची तर सेवकावर ओझं पडतं, त्यांचं वेतन आधीच तुटपुंजं आहे. कुणी रविवारी सकाळी असं वाचन करून पाहिलंय का? गडहिंग्लजकर, तुमच्या फळ्याचा एक फोटो टाकता आला तर फार उपकार होतील.