मानसिक ताणामुळे केमो लागू पडत नाही, हे खरे आहे का?

प्रश्न (दांडियाबाजार, बडोदे)

माझ्या सासूबाईंना, वय ६१, स्तनाचा कर्करोग आहे. शस्त्रक्रिया झाली असून आता दर २१ दिवसांनी केमोथेरपी चालू आहे. तिसऱ्या डोसाच्या आधी रक्त तपासले तेव्हा पांढऱ्या पेशी कमी निघाल्या, म्हणून डॉक्टरांनी डोस आठवडाभर पुढे ढकलला. तेव्हापासून भेटायला येणारे नातेवाईक, मायेपोटी का होईना, एकच वाक्य बोलून जातात : "तुम्ही फार टेन्शन घेता, म्हणून औषध लागू पडत नाही." सासूबाई आता रडूही लपवू लागल्या आहेत. परवा भाजी निवडता निवडता त्यांनी मला विचारले, "मी घाबरते म्हणून माझ्या पेशी कमी होतात का गं?" केमोनंतरचे दोन-तीन दिवस त्यांना अजिबात झोप लागत नाही आणि अन्नावरची वासना उडाली आहे. ताणाचा उपचारांवर नेमका किती परिणाम होतो, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ (निवृत्त डॉक्टर, रावपुरा)

ताई, सासूबाईंना आजच सांगा की त्यांच्या पेशी भीतीमुळे कमी झालेल्या नाहीत. केमोची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाला घालतात. अस्थिमज्जेत रक्तपेशी सतत तयार होत असल्यामुळे तिलाही त्यांचा फटका बसतो, आणि डोसानंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. आनंदी माणसाच्याही जातात. डोस आठवडाभर पुढे ढकलणे हा जंतुसंसर्ग टाळण्यासाठी घेतलेला नेहमीचा निर्णय आहे, औषध हरल्याची खूण नव्हे. या काळात ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर मात्र रात्र असली तरी थांबू नका, लगेच रुग्णालयात न्या.

ताणाने शरीरात काहीच घडत नाही, असे मी म्हणणार नाही. दीर्घकाळच्या ताणात कॉर्टिसॉल आणि ॲड्रिनॅलिन ही ताणाची संप्रेरके वाढलेली राहतात, आणि उंदरांवरील प्रयोगांत अशा ताणामुळे गाठी अधिक वेगाने वाढल्याचे दिसले आहे. माणसांच्या बाबतीत मात्र चित्र इतके सरळ नाही. १९८९ मध्ये अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगेल यांनी पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या ८६ स्त्रियांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. मन मोकळे करण्यासाठी आठवड्याला गटाने भेटणाऱ्या स्त्रिया सरासरी सुमारे दीड वर्ष अधिक जगल्याचे त्यात आढळले, आणि जगभर आशा पल्लवित झाल्या. पण २००१ मध्ये कॅनडात २३५ स्त्रियांवर तसाच अभ्यास झाला तेव्हा आयुष्य वाढलेले दिसले नाही, स्पीगेल यांच्या स्वतःच्या नंतरच्या अभ्यासातही एकंदरीत दिसले नाही. कॅनडातल्या त्या स्त्रियांचे मन हलके झाले आणि वेदना कमी जाणवल्या, हे मात्र खरे. माझ्या मते एवढा लाभही मोठा आहे. त्यासाठी आयुष्य वाढवण्याचे आमिष दाखवायची गरज नाही.

ताण उपचारांचे नुकसान करतो तो बहुतांशी वेगळ्याच वाटेने. खचलेला रुग्ण गोळ्या चुकवतो, तपासणीला जायचे टाळतो, जेवत नाही म्हणून वजन घटते, आणि त्रास होत असूनही डॉक्टरांना सांगत नाही. सासूबाई रडणे लपवतात, हे मला म्हणूनच अधिक काळजीचे वाटते. आज भीती लपवणारा माणूस उद्या तापही लपवतो.

प्रतिसाद २ (पतीच्या आजारात सोबत केलेली, कारेलीबाग)

झोपेबद्दल एक गोष्ट तपासून पाहा. केमोच्या दिवशी आणि पुढचे दोन-तीन दिवस उलटी होऊ नये म्हणून बहुधा डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड दिलेले असते, आणि त्याने झोप उडते, जीव अस्वस्थ होतो, चिडचिड वाढते. आमच्या ह्यांना ती गोळी रात्रीच्या जेवणानंतर दिली जात असे. डॉक्टरांना विचारून ती सकाळी नाश्त्यानंतर द्यायला लागलो आणि झोपेत बराच फरक पडला. आम्ही ज्याला टेन्शन समजत होतो, त्यातला मोठा भाग त्या गोळीचा होता.

दुसरे म्हणजे मळमळ. आम्ही केमोसाठी गोरजच्या रुग्णालयात जात असू. काही डोस झाल्यावर गाडी तिकडे जाणाऱ्या वाघोडियाच्या रस्त्याला वळली, की सुई टोचायच्या कितीतरी आधी ह्यांना मळमळू लागे. शरीर आधीच्या अनुभवावरून ते शिकलेले असते, त्यात मनाचा कमकुवतपणा नसतो, असे तिथल्या सिस्टरांनी समजावले तेव्हा आमच्या मनावरचे ओझे उतरले. यासाठी आदल्या रात्री घ्यायची गोळी आणि श्वासाचे व्यायाम असे दोन्ही उपाय असतात, पण आपण विचारले नाही तर गर्दीच्या ओपीडीत ते राहून जाते.

प्रतिसाद ३ (फार्मासिस्ट, मांजलपूर)

पुढे मनासाठी औषध सुरू करायची वेळ आली, तर मानसोपचारतज्ज्ञांना कर्करोगाची संपूर्ण फाइल दाखवावी. स्तनाच्या कर्करोगात अनेक जणींना नंतर काही वर्षे टॅमॉक्सिफेन हे कर्करोग परत येऊ नये म्हणून दिले जाणारे औषध घ्यावे लागते. यकृतातील एक एन्झाइम त्याचे अधिक प्रभावी रूप तयार करते आणि पॅरोक्सेटीन, फ्लुऑक्सेटीन ही नैराश्यावरची औषधे नेमके तेच एन्झाइम अडवतात. व्हेनलाफॅक्सिनसारखे पर्याय उपलब्ध आहेत, मात्र चालू असलेले औषध स्वतःहून बंद करू नये. ताणासाठी कोणी अश्वगंधेच्या कॅप्सूल आणून दिल्या असतील, तर त्याही डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नयेत.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. गोळीची वेळ पाहिली, ती रात्रीचीच आहे. उद्या फोन करून विचारते. डॉक्टरकाकांचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी पेशींचा परिच्छेद पुन्हा वाचायला लावला आणि मग बराच वेळ रडल्या, पण या वेळी माझ्यासमोर. समुपदेशनासाठी कोणाकडे न्यावे, एवढे सांगाल का?

प्रतिसाद १

प्रथम कर्करोगतज्ज्ञांनाच विचारा, कारण मोठ्या केंद्रांत बहुधा समुपदेशक असतात. मानसिक त्रास ० ते १० या पट्टीवर किती आहे, हे रुग्णालाच विचारण्याची एक साधी पद्धत जगभर वापरली जाते, आणि आकडा ४ किंवा त्याहून अधिक आला तर पुढची चौकशी करतात. सासूबाईंचा आकडा प्रत्येक डोसाच्या आधी वहीत लिहून ठेवा आणि रक्ताच्या रिपोर्टबरोबर दाखवा. रात्री-अपरात्री बोलावेसे वाटले तर केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आहे. तुम्हीही फोन करू शकता, कारण देखभाल करणाऱ्यालाही झोप लागत नाही. नातेवाइकांना दारातच सांगा की पेशी औषधामुळे कमी झाल्या आहेत आणि डोस पुढच्या आठवड्यात ठरला आहे.