आयपीएससी प्रॉडक्शन गटासाठी पहिले होल्स्टर कसे निवडावे?

प्रश्न (नौपाडा, ठाणे)

नमस्कार. मी गेली पाच वर्षे १० मीटर एअर पिस्तूल प्रकारात नेमबाजी करते आहे. नोकरीच्या निमित्ताने ऑक्टोबरपासून दोन वर्षे चेक प्रजासत्ताकातील ब्रनो शहरात राहणार असून तेथील एका क्लबात आयपीएससी (इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन) पद्धतीची, म्हणजे कमरेच्या होल्स्टरमधून पिस्तूल काढून हालचाल करत करायची नेमबाजी शिकण्याचे ठरवले आहे. परवान्याची बाब तेथील कायद्याप्रमाणे क्लबमार्फत मार्गी लागते आहे, म्हणून तो विषय येथे काढत नाही. पिस्तूल क्लबचेच, सीझेड शॅडो २, वापरायला मिळेल. मात्र पट्टा, होल्स्टर आणि मॅगझिनचे पाऊच ज्याचे त्याने आणायचे, असा तेथील शिरस्ता आहे.

माझी अडचण अशी, की होल्स्टर ही वस्तू मी आजवर कधी कमरेला लावलेलीच नाही. आपल्या प्रकारात पिस्तूल समोरच्या टेबलावर असते, ते एका हाताने उचलायचे आणि दुसरा हात खिशात ठेवायचा. शिवाय हाताच्या पंज्याप्रमाणे घडवलेली लाकडी मूठ आणि नळीखालचे हवेचे सिलिंडर यांमुळे ते कोणत्याही होल्स्टरमध्ये बसण्याजोगे नसतेच. सध्या माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. पोलिसांचे पट्टे शिवून देणारे एक कारागीर माझ्या परिचयाचे आहेत, ते मापाचे चामडी होल्स्टर करून देण्यास तयार आहेत. दुसरा पर्याय कायडेक्सचा, म्हणजे साच्यावर घडवलेल्या ताठ प्लॅस्टिकचा. तिसरा म्हणजे व्हिडिओंमध्ये दिसते ते सांगाड्यासारखे रेस होल्स्टर, ज्यात पिस्तूल केवळ ट्रिगर गार्डपाशी (ट्रिगरभोवतीच्या कड्यापाशी) अडकते आणि अर्थातच सर्वांत चपळाईने बाहेर येते.

मी डावखुरी आहे, उंची पाच फूट एक इंच, आणि कमरेपासून काखेपर्यंतचे अंतर बरेच कमी आहे. शॅडो २ च्या मापाचा प्लायवूडचा तुकडा सुताराकडून कापून घेतला आणि तो उसन्या चामडी होल्स्टरमध्ये घालून आरशासमोर उभी राहिले, तेव्हा मुठीचा मागचा भाग थेट बरगडीत रुतला आणि तुकडा पूर्ण बाहेर काढण्यासाठी खांदा कानापर्यंत उचलावा लागला. हा दोष होल्स्टरचा, पट्ट्याचा की माझ्या बांध्याचा, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

उत्तर (नेरूळ, नवी मुंबई)

ताई, दोष तुमच्या बांध्याचा नाही, हे आधी सांगतो. मी बंदराच्या कामानिमित्त सहा वर्षे दक्षिण आफ्रिकेत होतो आणि त्यांपैकी चार वर्षे प्रॉडक्शन गटात, म्हणजे कारखान्यातून येतात तशा, फारसे बदल न केलेल्या पिस्तुलांच्या गटात खेळलो. त्या अनुभवावरून माझे ठाम मत असे झाले आहे, की पहिले होल्स्टर पिस्तूल त्यातून किती वेगाने बाहेर येते यावर निवडू नये. ते पुन्हा आत किती निर्धोकपणे जाते यावर निवडावे. बाहेर काढण्यातला वेळ सरावाने आपोआप कमी होतो, पण आत घालतानाची चूक भरून काढता येत नाही.

याचे कारण आयपीएससीच्या क्रमातच आहे. ‘लोड अँड मेक रेडी’ ही आज्ञा झाली की तुम्ही मॅगझिन लावता, चेंबरमध्ये गोळी घेता आणि भरलेले पिस्तूल होल्स्टरमध्ये ठेवता. शॅडो २ ला हॅमर (पिस्तुलाच्या मागचा, आघात करणारा भाग) आपोआप उतरवणारी कळ नाही, आणि प्रॉडक्शन गटात सुरुवातीला हॅमर पूर्ण खाली असावा लागतो. म्हणजे नळी मागच्या मातीच्या भिंतीकडे रोखून, अंगठ्याने हॅमर धरून, ट्रिगर दाबून तो हळूहळू उतरवायचा आणि मग पिस्तूल कमरेला न्यायचे. या घडीला होल्स्टरचे तोंड ताठ आणि उघडे हवे. ज्या होल्स्टरचे तोंड पिस्तूल काढताच मिटते आणि पुन्हा घालताना दुसऱ्या हाताने उघडावे लागते, ते किती का सुबक असेना, या खेळासाठी घेऊ नका. नवे चामडे प्रथम ताठ असते, पण घामाने आणि आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेने ते सैल पडते. तुमच्या कारागिरांचे काम उत्तम असेलही, तरी ते होल्स्टर पोलिसाच्या गरजेचे असते, कारण पोलिसाचे पिस्तूल बहुतेक दिवस होल्स्टरमध्येच राहते.

माझ्यावर गुदरलेला प्रसंग सांगतो. एका थंड सकाळी मी कमरेशी दोरी असलेले विंडचीटर घातले होते. त्या दोरीच्या टोकाला प्लॅस्टिकची बोंडी होती, जेमतेम वाटाण्याएवढी. सरावाच्या वेळी रिकामे पिस्तूल होल्स्टरमध्ये सरकवताना ती बोंडी पिस्तुलाबरोबर ट्रिगर गार्डमध्ये ओढली गेली आणि ट्रिगर मागे सरकल्याचे मला बोटाने नव्हे, तर हॅमरच्या हालचालीवरून कळले. रेंज ऑफिसरांनी मला तिथेच थांबवले आणि ती दोरी कापायला लावली. तेव्हापासून पिस्तूल आत ठेवताना मी प्रत्येक वेळी मान खाली घालून होल्स्टरच्या तोंडाकडे पाहतो, आणि त्यात वेळ जातो म्हणून मला आजवर कोणी हटकलेले नाही, कारण तेव्हा घड्याळ चालू नसते.

आता नियम. आयपीएससी कोणत्याही कंपनीच्या होल्स्टरची सक्ती करत नाही. मात्र होल्स्टर असुरक्षित वाटल्यास रेंज मास्टर ते सुधारायला सांगू शकतात. होल्स्टरमध्ये असताना ट्रिगरला स्पर्श होता कामा नये. सैल उभे राहिल्यावर नळीचा रोख पायांपासून १ मीटरपेक्षा पलीकडे जाता कामा नये. मुठीचे खालचे टोक पट्ट्याच्या वरच्या कडेच्या खाली येऊ नये. खांद्याचे किंवा मांडीला बांधायचे होल्स्टर चालत नाही. प्रॉडक्शन गटात याशिवाय दोन गोष्टी पाहतात: सर्व साहित्य कमरेच्या हाडाच्या मागे हवे, आणि मुठीचे शरीरापासूनचे अंतर ५० मिलिमीटरच्या आत हवे. कोर्स (नेमबाजीची एक फेरी) सुरू असताना पिस्तूल हातातून किंवा होल्स्टरमधून खाली पडले, तर ते भरलेले असो वा रिकामे, स्पर्धा तिथेच संपते. म्हणूनच रेस होल्स्टर पहिल्या वर्षी नको, असे मी आग्रहाने सांगतो. त्याची खटकी लावायची राहिली, की धावताना पिस्तूल जमिनीवर आलेच म्हणून समजा.

बरगडीचा प्रश्न बहुतेक स्त्री नेमबाजांना येतो. कंबर आत आणि नितंब बाहेर असल्यामुळे सरळ पट्ट्यावरचे होल्स्टर खालून बाहेर ढकलले जाते आणि मूठ वरून आत कलते. त्यावर उपाय म्हणजे ड्रॉप-ऑफसेट हँगर, म्हणजे पट्टा आणि होल्स्टर यांमधला असा दुवा, जो होल्स्टरला थोडे खाली आणि थोडे बाहेर नेतो. त्यात पाचरीसारखी चकती घालून कलही बदलता येतो. मात्र तुमच्या बाबतीत दोन्ही मर्यादा जवळ आहेत: फार खाली नेले तर मुठीचे टोक पट्ट्याखाली जाईल, फार बाहेर नेले तर ५० मिलिमीटरची मर्यादा ओलांडली जाईल. तेव्हा ज्याचे स्क्रू सैल करून जागा बदलता येते असाच हँगर घ्या आणि पहिल्या दिवशी क्लबात फूटपट्टी लावून मोजून घ्या.

उत्तर (रबाळे, नवी मुंबई)

मी नेमबाज नाही, परंतु थर्मोफॉर्मिंगच्या कामात माझी अठरा वर्षे गेली आहेत आणि कायडेक्सच्या शीटवर हात बसलेला आहे, म्हणून मालाविषयी लिहितो.

कायडेक्स हे अ‍ॅक्रिलिक आणि पीव्हीसी यांच्या मिश्रणाचे प्लॅस्टिक आहे. साधारण २ मिलिमीटर जाडीची शीट दीडशे अंश सेल्सिअसच्या वर तापवली की ती जाड रबरासारखी लवचीक होते. मग ती पिस्तुलावर किंवा त्याच्या साच्यावर फोमच्या दाबाने बसवून थंड होऊ देतात. शीट ज्या आकारावर थंड झाली तोच आकार ती धरून ठेवते, म्हणून साचा कोणत्या मॉडेलचा होता हे विचारणे सर्वांत महत्त्वाचे आहे. सीझेड ७५ च्या घराण्यातील पिस्तुले दुरून सारखी दिसत असली, तरी नळीखालच्या भागाचा आणि रेलचा आकार मॉडेलगणिक बदलतो. ‘सीझेडला बसते’ एवढ्यावर विसंबू नका. शॅडो २, डावा हात, असे स्पष्ट लिहून घ्या.

वस्तू हातात आली की आतून कडा तपासा. साधा सुती रुमाल बोटाभोवती गुंडाळून होल्स्टरच्या तोंडाच्या आतल्या कडेवरून एक फेरा मारा; जिथे धागा अडकेल तिथे कापताना राहिलेली बारीक धार आहे असे समजा. ती धार पिस्तुलाचा रंग तर खरवडतेच, शिवाय पिस्तूल काढताना दर वेळी सूक्ष्म अडथळा आणते. बारीक पॉलिश पेपरने ती दहा मिनिटांत निघते. पकड कमीजास्त करण्यासाठी ट्रिगर गार्डच्या जवळ रबरी वॉशरवर एक-दोन स्क्रू असतात. रिकामे पिस्तूल आत ठेवून, खाली गादी अंथरून होल्स्टर उलटे धरा आणि हलकेच हलवा. पिस्तूल जागचे हलू नये, पण सरळ वर ओढल्यावर झटका न देता निघावे. स्क्रू हलू लागू नये म्हणून त्यावर निळ्या थ्रेडलॉकचा एक थेंब पुरतो.

एक सावधगिरीची सूचना. मे महिन्यात घोडबंदर रस्त्यावर उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीच्या डॅशबोर्डवर अशी वस्तू ठेवली तर ती वाकू शकते. ब्रनोमध्ये उन्हाळा आपल्याइतका नसला, तरी सवय इथूनच लावून घ्यावी.

उत्तर (ठाणे पश्चिम)

मी एअर पिस्तुलाचे प्रशिक्षण देतो. आपल्याकडे होल्स्टरविषयी सांगणारे कमी भेटतात, त्याचे कारण आपल्या खेळाच्या रचनेत आहे. १९५१ साली नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर. त्यांच्या नावाच्या स्पर्धेतून आजही मुले राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत जातात. या वाटेवरचे पिस्तुलाचे प्रकार ऑलिंपिक धर्तीचे आहेत आणि त्यांत होल्स्टरला जागाच नाही. अगदी २५ मीटर रॅपिड फायरमध्येसुद्धा नेमबाज हात ४५ अंशांत खाली धरून सुरुवात करतो. विजयकुमार यांनी २०१२ साली लंडनमध्ये याच प्रकारात रौप्यपदक मिळवले.

माझे सांगणे तुमच्या पट्ट्याविषयी आहे, कारण प्लायवूडच्या तुकड्याने तुम्हाला वजनाचा अंदाज येणार नाही. रिकामे शॅडो २ सुमारे १३३० ग्रॅमचे असते. १५ गोळ्या भरल्यावर ते दीड किलोच्या घरात जाते. एवढे वजन एका बाजूला लटकले, की साधा चामडी पट्टा पिळवटतो, होल्स्टर पुढे झुकते, आणि मूठ रोज वेगळ्या जागी सापडते. तेव्हा होल्स्टरवर खर्च करण्याआधी दुहेरी पट्टा घ्या: आतला पातळ पट्टा पँटच्या लूपमधून जातो, बाहेरचा ताठ पट्टा त्यावर वेल्क्रोने चिकटतो. मूठ रोज त्याच जागी असली तरच हात न शोधता तिथे जातो, आणि हीच एक गोष्ट तुमच्या पाच वर्षांच्या सरावातून जशीच्या तशी उपयोगी पडणार आहे.

उपयोगी न पडणारी गोष्टही सांगतो. तुमच्या एअर पिस्तुलाचा ट्रिगर नियमाप्रमाणे किमान ५०० ग्रॅमचा असतो, आणि पिस्तूल वर येत असतानाच बोट ट्रिगरवर हलकेच टेकवण्याची सवय तुम्हाला आहे, ती मीच अनेकांना लावली आहे. होल्स्टरमधून पिस्तूल काढताना ती सवय घातक ठरते. बोट सरळ, फ्रेमच्या बाजूला टेकलेले राहायला हवे. जाण्यापूर्वी तुमच्या त्या लाकडी तुकड्यावर बोटाची जागा पेन्सिलने आखून घ्या आणि रोज पन्नास वेळा, अगदी सावकाश, तो होल्स्टरमधून काढून पुन्हा आत ठेवा. घराबाहेर मात्र तो तुकडा नेऊ नका. दुरून पाहणाऱ्याला ते लाकूड आहे हे कळत नाही.

प्रश्नकर्ती (नौपाडा, ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री दुहेरी पट्ट्याऐवजी तात्पुरता जाड नायलॉनचा पट्टा घट्ट बांधून पाहिला आणि होल्स्टर दोन बोटे खाली येईल असे लाकडाचे ठोकळे मध्ये घातले; बरगडीला लागणे जवळजवळ थांबले. चामड्याचा विचार सोडला आहे. आता एकच शंका उरली: कायडेक्सचे होल्स्टर येथूनच मागवून न्यावे, की तेथे गेल्यावर घ्यावे?

उत्तर (नेरूळ, नवी मुंबई)

ताई, पट्टा येथून न्या, कारण कमरेचे माप तुमच्याजवळ आहे आणि नव्या पट्ट्याचा ताठपणा अंगवळणी पडायला महिना लागतो. होल्स्टर मात्र तेथेच घ्या. सीझेडचा कारखाना त्याच मोराव्हियात, उहेर्स्की ब्रोद गावी आहे आणि शॅडो २ त्या देशात घरचे पिस्तूल आहे, त्यामुळे डावखुऱ्यांसाठीही पर्याय मिळायला अडचण येऊ नये. क्लबचे पिस्तूल प्रत्यक्ष घालून, उलटे धरून, तुमच्या कमरेवर लावून, खाली वाकून आणि एक गुडघा टेकून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. पहिले काही दिवस क्लबातील एखाद्या डावखुऱ्या सभासदाचे होल्स्टर मागून घेतले तरी चालते. माझे पहिले दोन महिने असेच गेले. आणि जाताना दोरी नसलेले जॅकेट घ्या, ऑक्टोबरमध्ये तिथे थंडी सुरू झालेली असेल.