दिवेघाटात जे जाणवलं ते प्रमाण मानू का?

वाटसरू_फलटण: यंदा माउलींच्या पालखीसोबत पहिल्यांदाच चालले. दिवेघाटाच्या पायथ्याशी पाळी आली. ओटीपोटात कळा, पाठीवर पिशवी, आणि मागून टाळांचा गजर. एका वळणावर पाय आपोआप ठेक्यात पडायला लागले, रडू आलं. पांडुरंग इतका जवळ मला देवळातही कधी वाटला नव्हता. सासवडला पोहोचल्यावर एका काकूंकडे पॅड मागितलं. संध्याकाळी हरिपाठाला टाळ घ्यायला गेले, तर त्याच म्हणाल्या, "चार दिवस लांबूनच ऐक." घाटातलं ते देवाबद्दल काही सांगतं, की नुसतं माझ्या मनाचं?

जुना_टाळकरी: ताई, वाईट वाटलं. पण सगळ्यांचेच अनुभव प्रमाण धरले तर उद्या कोणीही उठून म्हणेल, देव माझ्या स्वप्नात आला. काकूंची भीतीही अनुभवातूनच आलेली असणार. म्हणून परंपरेचा आधार लागतो.

मंगळवेढेकर: दादा, परंपराच घेऊ. सोयराबाई, चोखोबांच्या पत्नी. जातीचा विटाळ त्यांनी जन्मभर सोसला. त्या विचारतात, "देहीचा विटाळ देहीच जन्मला । सोवळा तो झाला कवण धर्म." विटाळावाचून जन्मलेला एक तरी देह दाखवा, असंच त्या म्हणतात. यात पोथीचा दाखला नाही. हे बाळंत होणाऱ्या बाईला ठाऊक असलेलं ज्ञान आहे. चोखोबांची समाधी आजही महाद्वारासमोर, देवळाबाहेर आहे. दलितांना आत जाता यावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात दहा दिवस उपोषण करावं लागलं. म्हणजे सहाशे वर्षं आपण त्यांचे अभंग गायलो आणि त्यांच्या माणसांना दाराबाहेर उभं केलं. ताई, तुमचा घाट सोयराबाईंच्या ओळीतलाच आहे.

जुना_टाळकरी: हा अभंग मी कितीदा म्हटलाय. जातीपुरताच समजत होतो.

वाटसरू_फलटण: काल काकूंना फोन केला. दादा, भीतीचं तुम्ही म्हणालात ते खरं निघालं. लग्नानंतर सासूबाई त्यांना चार दिवस गोठ्यात झोपवायच्या, थंडीतसुद्धा. मी विचारलं, तेव्हा देव आठवायचा का? बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "गाय जवळ येऊन बसायची बघ. तिच्या ऊबेला मी विठाई म्हणायची. कुणाला सांगितलं नाही कधी."

सोयराबाईंचे सगळे अभंग एकत्र कुठे मिळतील? काकूंना मोठ्या अक्षरातलं पुस्तक लागेल.