जन्मजात, आनुवंशिक, वंशपरंपरागत: पत्रकात कोणता शब्द घ्यावा?

परभणी जिल्ह्यात कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते. आम्ही पालकांसाठी माहितीपत्रक करतोय, त्यात पेंड्रेड सिंड्रोमबद्दल (बहिरेपण आणि गलगंड, म्हणजे गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीची सूज, असा जोडीने होणारा आजार) चार ओळी आहेत. मसुद्यात एकाने 'जन्मजात आजार' लिहिलंय, दुसऱ्याने 'अनुवांशिक', तिसऱ्याने 'वंशपरंपरागत'. तिन्ही एकच धरायचे का?

विचारायचं कारण सांगते. एक आजी नातवाच्या बेरा तपासणीचा (ऐकू येतं का ते पाहणारी तपासणी) कागद घेऊन आल्या होत्या. डॉक्टर आनुवंशिक म्हणाले, हे त्यांच्या फार मनाला लागलं होतं. "आमच्या सात पिढ्यांत कोणी बहिरं नाही, बाई. हे हिच्या माहेराहून आलं." सून शेजारीच उभी, मान खाली. ती आजींच्या सख्ख्या भावाची लेक. म्हणजे तिचं माहेर तेच आजींचंही माहेर. शब्द नीट कळला असता तर त्या पोरीला एवढं ऐकावं लागलं नसतं, असं मला राहून राहून वाटतं.

प्रतिसाद

ताई, आधी शुद्धलेखन. अनुवंश + इक, पहिल्या स्वराची वृद्धी होऊन 'आनुवंशिक'. 'अनुवांशिक' सर्रास छापलं जातं, पण ते चूक.

आता अर्थ. 'जन्मजात' म्हणजे जन्मतःच असलेलं. ते कधीपासून आहे एवढंच हा शब्द सांगतो. 'आनुवंशिक' कारण सांगतो: दोष जनुकात आहे. दोन्ही एकाच वेळी लागू पडतील असं नाही आणि तुमचा पेंड्रेड सिंड्रोम हेच त्याचं उत्तम उदाहरण. त्यात बहिरेपण बहुधा जन्मापासून असतं किंवा पहिल्या काही वर्षांत येतं. गलगंड मात्र बऱ्याचदा वयात येताना दिसू लागतो, कधी त्याहून उशिरा. म्हणजे गलगंड आनुवंशिक आहे, पण जन्मजात नाही. याच्या उलटही होतं. काही बाळांची थायरॉइड जन्मतःच कमी काम करते. त्यातल्या बहुतेकांची ग्रंथी पोटात असताना नीट तयारच झालेली नसते आणि त्याला घरातला वारसा सहसा नसतो. ते जन्मजात आहे, पण बहुतेक वेळा आनुवंशिक नाही. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर तपासणी करून लगेच गोळी सुरू केली तर मूल नीट वाढतं.

'वंशपरंपरागत' काढूनच टाका. तो वतनाला, धंद्याला, गुरवकीला शोभतो. लोक त्याचा अर्थ 'पिढ्यान्‌पिढ्या दिसत आलेलं' असाच घेतात आणि हा आजार तसा दिसत नाही.

प्रतिसाद

वरच्या शेवटच्या वाक्याला जोडून लिहितो. आजी म्हणाल्या त्यात खोटं काही नाही, सात पिढ्यांत कोणी बहिरं नसेलही. या आजाराच्या जनुकाच्या प्रत्येकाकडे दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. एक बिघडली तरी दुसरी काम चालवते, माणूस ठणठणीत. दोन्ही बिघडलेल्या आल्या की आजार. आईबाप दोघांकडे एकेक बिघडलेली प्रत असेल तर प्रत्येक बाळंतपणाला चारात एक शक्यता. पहिलं मूल कर्णबधिर झालं म्हणून पुढची तीन सुटली, असं होत नाही. पत्रकात हे वाक्य ठळक घाला.

आपल्याकडे मामाची मुलगी करायची रीत आहे. आते-मामे भावंडांना एकाच आजी-आजोबांची तीच बिघडलेली प्रत मिळालेली असू शकते, म्हणून नात्यातल्या लग्नात धोका वाढतो. आणि दोष नेहमी दोन्हीकडून येतो, एकट्या सुनेकडून येऊच शकत नाही. हे मात्र गावातल्या आशा कार्यकर्त्या ताईंनी सासूसमोर सांगायला हवं, सुनेला एकटीला गाठून नव्हे.

इतिहास थोडक्यात: वॉन पेंड्रेड या इंग्रज डॉक्टरने १८९६ मध्ये दोन बहिणींचं वर्णन केलं, दोघी मूकबधिर, दोघींना गलगंड. जनुक सापडलं १९९७ मध्ये. त्या जनुकावरून बनणारं पेंड्रिन हे प्रथिन थायरॉइडमध्ये आयोडीन पुढे सरकवतं आणि आतल्या कानातल्या द्रवाचा समतोल राखतं. म्हणून एका बिघाडाचे कान आणि गळा दोन्हीवर परिणाम.

मूळ धागाकर्ती

खूप उपयोग झाला. आणखी एक. मसुद्यात आईबापांना 'वाहक' म्हटलंय. मला तो खटकतो.

प्रतिसाद

खटकायलाच हवा. गावात वाहक म्हटलं की एसटीचा कंडक्टर, नाहीतर मलेरियाचा डास. आईबापांना वाटेल आपल्यापासून रोग पसरतो. 'आईवडील स्वतः निरोगी असतात, पण दोघांकडेही या जनुकाची एकेक सदोष प्रत असते' असं सरळ लिहा. एक ओळ वाढेल, वाढू द्या.

आणि 'गलगंड' लिहिताय तिथे चुकूनही 'गंडमाळ' होऊ देऊ नका. गंडमाळ म्हणजे मानेतल्या गाठींची माळ, बहुधा क्षयाची. तो शब्द वाचून लोक क्षयाच्या गोळ्यांची चौकशी करत बसतील. गलगंड म्हणजे गळ्याच्या पुढच्या भागाला, थायरॉइडला आलेली सूज.

जागा उरली तर एवढं टाकाच: या मुलांच्या डोक्याला मार लागू देऊ नये. आतल्या कानातली एक नळी त्यांच्यात रुंद असते आणि साध्या आदळण्यानेही उरलंसुरलं ऐकू येणं एकदम कमी होऊ शकतं. कबड्डी, कुस्तीबद्दल कानाच्या डॉक्टरांना आधी विचारावं, आणि थायरॉइडची तपासणी ठरावीक काळाने करत राहावी, गळा सुजलेला दिसो वा न दिसो.